पाण्याच्या मर्जीवरचा समुद्र

एमिल नोल्डे हा जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार १३ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी वारला. तैलरंग त्याने १९५१ च्या सुमारास थांबवले. जलरंग त्यानंतरही चालू राहिले. उत्तर समुद्राचा किनारा, त्याच्या बांधामागची सपाट पाणथळ जमीन, संध्याकाळचं आभाळ, एवढ्याच ऐवजावर म्हातारपणी त्याने जे कागद रंगवले, त्यांच्या तोडीचं जलरंगातलं काम विसाव्या शतकात फार थोड्यांनी केलं असं मला वाटतं. आणि याच माणसाबद्दल आज जे ठाऊक झालं आहे, ते वाचल्यावर ही चित्रं निवांतपणे बघता येत नाहीत.

हा पेच मी तंजावरात नेऊन ठेवतो आहे, त्याला कारण आहे. नोल्डेचं जन्मगाव १९२० च्या सार्वमतानंतर डेन्मार्कमध्ये गेलं आणि तो मरेपर्यंत डॅनिश नागरिक राहिला. डेन्मार्कची हिंदुस्थानातली वखार तरंगंबाडीला होती. ती जागा १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने दिली, पुढे तंजावरचे भोसले त्या वखारीचे शेजारी झाले, आणि १८४५ मध्ये डेन्मार्कने ती इंग्रजांना विकली. पण त्याहून मोठं कारण असं, की तंजावरला चित्राच्या दोन वाटा एकाच गावात नांदल्या. एक, सोन्याचा वर्ख लावलेल्या देवादिकांच्या पाटांची. दुसरी, भोसल्यांपैकी सरफोजीराजांच्या पदरच्या चितारींनी विलायती कागदावर जलरंगात केलेल्या नोंदींची. चित्राने काय करावं हा वाद तिथे आयता मांडलेला आहे.

खालच्या संवादातली दोन माणसं मी रचली आहेत. मामा तंजावरचे मराठी, पाटावर वर्ख चढवण्यात आयुष्य घातलेले. भाची कुंभकोणमच्या सरकारी कलामहाविद्यालयात शिकलेली, नागपट्टिणमपासून वेदारण्यमपर्यंतच्या किनाऱ्यावर जलरंगात काम करणारी. त्यांच्या घरच्या मराठीत तमिळ शब्द सढळ येतात. वाचकांच्या सोयीसाठी मी ते बाजूला ठेवले आहेत.

भाची : मामा, नोल्डेच्या पुस्तकातलं हे पान बघा. खाली जांभळा समुद्र, वर काळसर ढग, मधे पिवळ्या उजेडाची पट्टी. रेघ एकही नाही.

मामा : समुद्र आहे असं तू म्हणालीस म्हणून कळलं. आमच्याकडे आधी आखणी. फणसाची फळी, तिच्यावर कापड, कापडावर खडू नि डिंकाचा लेप, मग उठाव, मग खडे, मग वर्ख. रंग सगळ्यांच्या शेवटी. कृष्णाचा निळा कुठे संपतो ते मी ठरवतो. याचा निळा कुठे संपतो ते कोण ठरवतं?

भाची : पाणी ठरवतं. पण पाणी कुठे सोडायचं ते तो ठरवतो. हा जपानी कागद आहे, पाणी ओढून घेणारा. आपल्या नेहमीच्या जलरंगाच्या कागदाला खळ असते, त्यामुळे रंग वर तरंगतो, पुसता येतो, थोडा मागेही घेता येतो. इथे तशी सोय नाही. कागद आधीच भिजवलेला, त्यावर रंग टेकवला की तो आत उतरतो, पाठीमागेही झिरपतो. एकदा लावलेला काळा परत उचलता येत नाही.

मामा : म्हणजे नशिबावर सोडलेलं काम.

भाची : तुम्ही म्हणता तसं त्याच्या बाबतीत एकदा खरोखर झालं होतं. १९०८ च्या थंडीत तो जर्मनीतल्या येनाजवळच्या एका खेड्यात बाहेर बसून रंगवत होता. थंडी इतकी, की कागदावरचं पाणी गोठायला लागलं. रंगात बर्फाच्या स्फटिकांची नक्षी उमटली. त्याने ती ठेवली, आणि तिथून पुढे निसर्गालाच चित्रात हात घालू देण्याची त्याची रीत पक्की होत गेली.

मामा : थंडीने केलेली नक्षी सुंदर असेल. मग खाली सही त्याची का?

भाची : कारण थंडीने हजार कागद बिघडवलेही असते. कुठला ठेवायचा हे थंडीला कळत नाही. मी आपल्याकडे आश्विन-कार्तिकात, ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत किनाऱ्यावर बसते तेव्हा कागद वाळतच नाही. चैत्रात ब्रश टेकवेपर्यंत वाळतो. दोन्ही वेळी एकच रंग, एकच हात, आणि चित्र निराळं. किती ओल असताना दुसरा रंग सोडायचा, ते अर्ध्या मिनिटाचं गणित आहे. लवकर सोडला तर सगळा गाळ होतो, उशिरा सोडला तर कडा धरतो. तुमची आखणी फळीवर होते मामा, याची वेळेत होते.

हे मला महत्त्वाचं वाटतं. ओल्यावर ओलं रंगवणं म्हणजे ढिलाई, असा समज आपल्याकडेही आहे. खरं तर जलरंगात एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्याच पद्धतीला लागत नाही, कारण चूक झाकायला वरून दुसरा थर देता येत नाही. नोल्डेचे शेवटचे कागद आकाराने लहान आहेत, पण त्यांत चाचपडणं दिसत नाही. गडद जांभळ्यावर नारिंगी सोडली की तिचा चिखल होतो, हे जलरंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने भोगलेलं असतं. त्याच्या आभाळात ती पेटलेलीच राहते. ज्वाळेच्या वाटेवरचा कागद त्याने आधीपासून रिकामा सांभाळलेला असतो.

मामा : बरं, हात आहे हे मानलं. आता मला सांग, चित्र कशासाठी? सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या दवाखान्यातली डोळ्यांच्या रोग्यांची नोंदपत्रं आहेत. पत्रावर रोग्याची हकिगत, आणि सोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. मोतीबिंदू कसा दिसतो, लाली कुठे आहे, पापणीला काय झालंय. दोनशे वर्षांनी आजचा नेत्रतज्ज्ञ ते चित्र बघून काही सांगू शकतो. १८२० साली महाराज काशीयात्रेला निघाले, त्या यात्रेची आठवण म्हणून गंगेच्या घाटांची चित्रं आली. तीही तिथेच आहेत. पायरी, बुरूज, देऊळ, सगळं जागच्या जागी. तेही कागदावर, जलरंगातच. पण वस्तूशी इमान. तुझ्या या समुद्रावरून कुठल्या नाखव्याला किनारा ओळखता येईल?

भाची : नाखव्याला नाही येणार. पण ज्याने त्या किनाऱ्यावर जन्म काढला त्याला येईल. ती जमीन आपल्यासारखीच आहे मामा. आपला कावेरीचा त्रिभुज प्रदेश बघा, चढ नाही की उतार नाही, कालवे, पाण्याने भरलेली भातखाचरं, आणि चार बाजूंनी आभाळ. तिथेही तेच. समुद्राला बांध घालून मिळवलेली जमीन, तिच्यात पाणी काढून टाकायचे चर, आणि घर बांधायचं तर आधी मातीचा उंचवटा करायचा. त्याचं झेब्यूलचं घर तसंच उंचवट्यावर आहे. अशा मुलखात डोळ्यासमोर वस्तूच नसते. उजेड असतो आणि पाणी असतं. त्याने तेच काढलं. वेदारण्यमच्या मिठागरांवर संध्याकाळी उभे राहा, नारिंगी खाली आहे की वर ते सांगता येत नाही. ते नेमकेपणाने काढायचं तर रेघ कुठे मारू?

मामा : तुझ्या उजेडावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो साधा नाही. नागपट्टिणम १९९१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. २६ डिसेंबर २००४ ला त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. वेलांकण्णीला नाताळानंतरच्या रविवारी आलेले यात्रेकरू गेले, कोळ्यांच्या वस्त्या गेल्या. त्यानंतर समुद्र म्हणजे चित्रकाराच्या मनाचा आरसा, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. समुद्राला मन नाही. त्याला तुमचं दुःख दाखवायचं काम देऊ नका.

भाची : (थोडं थांबून) हे मला मान्य आहे. पण त्याच्या किनाऱ्याची गोष्टही ऐका. १६३४ च्या ऑक्टोबरात एका रात्री तिथे समुद्र बांध फोडून आत आला. हजारो माणसं बुडाली आणि स्ट्रांड नावाचं बेट फुटून त्याचे तुकडे उरले. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांधामागे झोपतात आणि वाऱ्याची दिशा बघून जागी होतात. नोल्डे त्यांच्यातलाच, शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा समुद्र गोड नाही. मला त्याच्या कागदावर माणूस नसलेलं पाणी दिसतं, ज्याला आपली फिकीर नाही असं पाणी. तुम्ही म्हणता त्याच्या अगदी जवळ जातं ते.

इथे मी भाचीच्या बाजूचा आहे, पण मामांचा राग मला फार मोलाचा वाटतो. निसर्गचित्र म्हणजे भावना, असं म्हणून आपण फार स्वस्तात सुटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्राची जी माहिती असते ती चित्रात आहे की नाही, हे विचारायलाच हवं. नोल्डेच्या कागदांत ती आहे. क्षितिज इतकं खाली असतं की आभाळ अंगावर येतं, आणि पाणी जमिनीपेक्षा वर आहे की काय अशी शंका येते. बांधामागच्या त्या मुलखात ती शंका रोजची आहे.

यानंतर वाद त्या ठिकाणी गेला जिथे तो जायलाच हवा होता.

मामा : तू याचं पुस्तक आणलंस तेव्हा म्हणाली होतीस, हिटलरने याला चित्रं काढायची बंदी केली, तरी याने चोरून तेराशेवर लहान जलरंग केले. तैलरंगाचा वास येईल म्हणून जलरंग.

भाची : तसंच सांगत आले होते सगळे. ‘न रंगवलेली चित्रं’ हे नाव त्यानेच त्यांना दिलं. झीगफ्रीड लेन्त्सची १९६८ ची कादंबरी आली, तिच्यात बंदी घातलेला चित्रकार आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा पोलीस आहे. जर्मनीत ती शाळाशाळांतून वाचली गेली आणि कादंबरीतला चित्रकार म्हणजे नोल्डे हे लोकांच्या मनात बसलं.

मामा : आणि खरं काय?

भाची : खरं दोन्ही आहे, म्हणून त्रास होतो. १९३७ मध्ये जर्मन संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती जप्त झाल्या. एवढ्या दुसऱ्या कुठल्याच चित्रकाराच्या झाल्या नाहीत. ‘अवनत कला’ म्हणून लोकांसमोर त्यांची विटंबना झाली. १९४१ मध्ये त्याला सरकारी कलामंडळातून काढलं आणि धंदा म्हणून चित्र करायला, विकायला बंदी केली. हे खरं. पण १९३३ मध्ये त्याने माक्स पेख्श्टाइन हा सहकारी चित्रकार ज्यू असल्याचं अधिकाऱ्यांना सांगितलं. ते खोटंही होतं. १९३४ मध्ये तो नाझी पक्षाच्या त्या भागातल्या शाखेचा सभासद झाला. त्याच वर्षी छापलेल्या आत्मचरित्राच्या भागात ज्यूद्वेषी मजकूर होता, तो युद्धानंतरच्या आवृत्तीत गाळला गेला. आपली कला हीच खरी जर्मन कला, हे हिटलरला पटेल अशी आशा तो धरून होता. आणि बंदीतली म्हणून सांगितलेली काही पानं बंदीच्या आधीची आहेत.

मामा : मग मी सुरुवातीला म्हणालो तेच. ज्याने रंगाची जबाबदारी पाण्यावर टाकली, त्याने माणसाची जबाबदारी कोणावर टाकली असेल?

भाची : मामा, हे मात्र ऐकून घेणार नाही. नाझींना कसली चित्रं आवडायची? पक्क्या रेघेची, घोटीव अंगाची, शेतकरी-सैनिकांची. त्यांना ओघळणारा रंग नको होता. रेघ पक्की म्हणजे माणूस सच्चा असं असतं, तर त्या राजवटीचे सगळे लाडके चित्रकार संत ठरले असते.

मामा : ...हा मुद्दा बरोबर आहे. मागे घेतो. पण दुसरं विचारतो. त्या काळात त्याने विषय बदलले का?

भाची : बदलले. बायबलमधली चित्रं त्याने थांबवली. वायकिंग आले, जुन्या दंतकथा आल्या.

मामा : बघ. म्हणजे ज्यू चेहऱ्यांची चित्रं अडचणीची झाली तेव्हा ती गेली. समुद्र आणि फुलं राहिली, कारण त्यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही. निसर्गचित्र निष्पाप असतं असं म्हणू नकोस. कधी कधी ते तोंड लपवायची जागा असते.

भाचीने याला दिलेलं उत्तर मला अपुरं वाटलं. ती म्हणाली, समुद्र तो १९१० च्या आधीपासून रंगवत होता. ते खरं आहे. पण मामांचा प्रश्न वेगळा होता. एखादा विषय आयुष्यभराचा असूनही, दुसरा विषय गाळल्यावर त्याचा अर्थ बदलतो. युद्धानंतरच्या त्या शांत किनाऱ्यांकडे बघताना, या माणसाने आपल्या तोंडून कधी चुकीची कबुली दिली नाही हे विसरता येणार नाही. त्याने स्वतःला छळ सोसलेला म्हणवून घेतलं आणि लोकांनी ते खुशीने मानलं, कारण छळ सोसलेला जर्मन सगळ्यांना हवा होता.

मामा : २०१९ मध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर बाईंनी कचेरीतून याची चित्रं काढली, ते तू सांगत होतीस.

भाची : हो, अँगेला मर्केल. बर्लिनच्या एका संग्रहालयात नोल्डे आणि नाझी राजवट याच विषयावर कागदपत्रांसकट प्रदर्शन होतं. त्या निमित्ताने दोन चित्रं गेली, ती त्यांच्या कचेरीत परत आली नाहीत. एक होतं १९३६ चं, फुटणाऱ्या लाटेचं. त्यांच्या जागी दुसऱ्या एका अभिव्यक्तिवाद्याची चित्रं लावायचं ठरलं, तर त्याच्याही पत्रांत ज्यूद्वेष निघाला. शेवटी भिंत रिकामी ठेवली.

मामा : रिकामी भिंत हेही उत्तर नाही.

भाची : नाही? तुम्हीच तर—

मामा : मी चित्र काढून टाक असं म्हणालो नाही. खोटी गोष्ट काढून टाक म्हणतोय. आपल्या तंजावरच्या मोठ्या देवळात गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत काय झालं आठव. भिंतीवर नायकांच्या काळची चित्रं होती. १९३१ मध्ये वरचा थर निखळलेला होता तिथे खाली चोळांच्या काळची चित्रं दिसली, नऊशेहून जास्त वर्षांपूर्वीची. जगभर नाव झालं. पण मग वरच्या थराचं काय करायचं? खरवडून फेकता आला असता. पुरातत्त्व खात्याने तो सांभाळून उतरवला, दुसऱ्या फळीवर चढवला, आणि वेगळा दाखवायला ठेवला. दोन्ही थर आहेत. कुठला वरचा, कुठला खालचा, कोणाचा, हे लिहिलेलं आहे. नोल्डेचं तसं करा. चित्र एका भिंतीवर. त्या कादंबरीने आणि त्याच्या आत्मचरित्राने चढवलेला थर दुसऱ्या भिंतीवर, तारखांसकट. येणाऱ्याने दोन्ही बघावं.

भाची : आणि बघून चित्र आवडलं तर?

मामा : आवडलं तर आवडलं. मला तो पिवळा पट्टा मघापासून सोडत नाहीये. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटली असती ती, हे सगळं ठाऊक नसताना आवडलं असतं तर.

मामांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. ठाऊक नसताना आवडण्यात लाज नाही. ठाऊक झाल्यावर न सांगण्यात आहे. पण थर उतरवून शेजारी ठेवण्याची त्यांची सूचना मला त्या रिकाम्या भिंतीपेक्षा कितीतरी धीट वाटते. रिकाम्या भिंतीवरून काहीच शिकता येत नाही, आणि नुसत्या सुंदर चित्रावरून अर्धंच शिकता येतं.

माझा कौल असा : उत्तर समुद्राचे ते उशिराचे जलरंग थोर आहेत आणि ते भिंतीवर असावेत. त्यांचं थोरपण बंदीच्या कहाणीवर उभं नव्हतं, म्हणून कहाणी खोटी पडल्याने ते कमी होत नाही. जलरंगात पाण्यावर इतका विश्वास टाकावा आणि तरी कागद हातचा जाऊ देऊ नये, हे आपल्या किनाऱ्यांवर बसून रंगवणाऱ्या, मालवणपासून वेदारण्यमपर्यंतच्या प्रत्येकाने त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. मात्र मराठीत त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांना, कलाशाळांत शिकवणाऱ्यांना एक विनंती. ‘छळ सोसलेला एकांतवासी’ एवढी ओळख देऊन पुढे जाऊ नका. १९३३, १९३४, १९३७ आणि १९४१ ही चारही सालं एकाच परिच्छेदात लिहा, आणि त्याच्या शेजारच्या पानावर समुद्र छापा.